बाराचा क्रिस्टल, सोळाचा क्रिस्टल

माझ्याकडे आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर एटी आहे. हे मॉडेल १९८४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, आणि माझं मशीन त्यातल्या सुरुवातीच्या प्रकारचं आहे: ८०२८६ प्रोसेसर, वेग ६ मेगाहर्ट्झ. एका संशोधन संस्थेने जुनं सामान काढलं तेव्हा ते मला मिळालं. जुनी यंत्रं हाती आली तशीच जपावीत, असं माझं ठाम मत आहे. आत्याची उमेदीची वर्षं मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेली. यंत्र चाललं पाहिजे आणि जमेल तितकं जोरात चाललं पाहिजे, हे तिचं मत माझ्याइतकंच ठाम. या मशीनचा वेग वाढवावा का, यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे देते.

आत्या: झाकण काढलंस ना? आता ती ८२२८४ लिहिलेली चिप शोध. तिच्या शेजारी चकचकीत पत्र्याची छोटी डबी दिसेल. तिचे पाय कशात आहेत, सांग.

मी: सॉकेटमध्ये.

आत्या: मग झालं तर! तो १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. ८२२८४ तेच १२ मेगाहर्ट्झचे ठोके प्रोसेसरला देते आणि प्रोसेसर आत त्याचे निम्मे करतो. म्हणून तुझं मशीन ६ चं. हा काढून १६ चा बसवला की ८, आणि १८ चा बसवला की ९. सोल्डरिंग नाही, तार जोडणं नाही, बोर्डावरची एकही रेघ कापायची नाही. नको वाटलं तर मिनिटभरात मूळचा क्रिस्टल परत जागेवर.

मी: सोपं आहे म्हणून करायचं?

आत्या: सोपं आहे म्हणून नाही गं. हे मशीन निघाल्यावर अमेरिकेत लोकांनी हेच केलं म्हणून. सहा हजार डॉलरच्या घरातलं मशीन, आणि थोडक्या पैशांच्या क्रिस्टलने ते एक तृतीयांश वेगवान होतं, हे लोकांच्या पटकन लक्षात आलं. तू इतिहास जपतेस म्हणतेस, मग हाही इतिहासच की.

मी: आणि आयबीएमने त्यावर काय केलं, तोही इतिहास आहे. पुढच्या बायोसमध्ये त्यांनी तपासणी घातली. मशीन सुरू होताना बायोस प्रोसेसरचा वेग मोजतो, आणि तो ठरलेल्यापेक्षा जास्त निघाला तर चूक दाखवून थांबतो. बनवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं की हे करू नका.

आत्या: सांगितलं, आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये स्वतःच ८ मेगाहर्ट्झचं एटी बाजारात आणलं! तोवर कॉम्पॅकचं ८ मेगाहर्ट्झचं डेस्कप्रो २८६ आलेलंच होतं. आणि ती तपासणी कशी चालते हे तुला ठाऊक आहे का? त्यातच या मशीनची खरी गंमत आहे.

इथे आत्याने जे समजावलं ते मला अतिशय आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एटीच्या आधीच्या आयबीएम पीसीमध्ये बोर्डावर मुख्य क्रिस्टल एकच होता, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. ही संख्या अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगलहरीच्या चौपट. तिला तिनाने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झ वेग मिळायचा आणि बाराने भागलं की टायमरचा १.१९ मेगाहर्ट्झ. तीच लहर कार्डांच्या खाचांतून रंगीत ग्राफिक्स कार्डाकडेही जायची. लेझीमच्या पथकात एकाच ढोलावर सगळ्यांची पावलं पडतात, तसा हा प्रकार. त्या क्रिस्टलला हात लावला की प्रोसेसर वेगात पळतो खरा, पण घड्याळही पुढे धावतं आणि टीव्हीवरचे रंग जातात. त्यामुळे पीसीचा वेग वाढवायचा तर ठोके देणारी चिपच काढून तिच्या जागी वेगळं सर्किट बसवावं लागे, आणि तिथे बहुधा सोल्डरिंग आलंच.

एटीमध्ये हे काम वाटून दिलं आहे. प्रोसेसरसाठी १२ चा क्रिस्टल वेगळा. टायमर आणि रंगांसाठी १४.३१८१८ चा वेगळा. तारीख-वेळ सांभाळणाऱ्या चिपसाठी मनगटी घड्याळात असतो तसा ३२.७६८ किलोहर्ट्झचा तिसरा. म्हणून १२ चा क्रिस्टल बदलला तरी घड्याळ बरोबर चालतं आणि रंगही जागेवर राहतात. बायोसची तपासणीही याच वाटणीवर उभी आहे. टायमर स्वतंत्र असल्यामुळे त्याच्या मापाने प्रोसेसरचा वेग मोजता येतो. सगळं एकाच क्रिस्टलवर चालत असतं, तर मापही त्याच प्रमाणात बदललं असतं आणि चोरी कधी पकडलीच गेली नसती.

आत्या: आणि त्यावरही लोकांनी उपाय काढला. क्रिस्टलच्या सॉकेटमध्ये बसणारी, वेग बदलता येणारी सर्किटं विकायला आली. मशीन ६ वर सुरू करायचं, बायोसची तपासणी उरकू द्यायची, मग वेग वाढवायचा. तुझ्या मशीनवर कोणता बायोस आहे?

मी: १० जानेवारी १९८४. पहिलाच. त्यात तपासणी नाही.

आत्या: मग अडचण कसली?

मी: अडचण हीच की तो पहिला बायोस आहे, बोर्ड पहिल्या प्रकारचा आहे आणि क्रिस्टल १२ चा आहे. तिन्ही एकमेकांना धरून आहेत. आणि खरं सांगू का, ‘सोल्डरिंग नाही’ हे तू पुन्हा पुन्हा म्हणतेस, जणू तेवढ्याने प्रश्न मिटला. सोल्डरिंग केलं तर निदान खूण राहते. जुना राळ-थर, नव्या शिशाची चमक, किंचित उचललेला तांब्याचा ठिपका. पुढच्या माणसाला कळतं की इथे कुणी काही केलं होतं. सॉकेटमधला क्रिस्टल बदलला तर काहीच कळत नाही. पन्नास वर्षांनी कुणी हे मशीन उघडलं, १६ चा क्रिस्टल आणि १९८४ चा बायोस पाहिला आणि ‘आयबीएमने असंही मशीन बनवलं होतं’ असं लिहून ठेवलं, तर?

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर तिने जे विचारलं त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

आत्या: तुझ्याकडे आलं तेव्हा त्यात १२ चाच क्रिस्टल होता, बरोबर? पण १९८५ मध्ये त्या संस्थेतल्या एखाद्या हुशार पोराने १६ चा घालून चार वर्षं काम केलं नसेल, आणि मशीन गोदामात टाकताना परत १२ चा बसवला नसेल, हे कशावरून? आणि समज, तुला हे मशीन १६ च्या क्रिस्टलसकट मिळालं असतं. तू काय केलं असतंस? तो काढून १२ चा लावला असतास?

मी: ...नसता लावला. ज्याने मशीन वापरलं त्याची ती खूण आहे, म्हणून तसंच ठेवलं असतं.

आत्या: म्हणजे त्याने केलं तर इतिहास आणि मी केलं तर खोडसाळपणा!

मी: हो, काहीसं तसंच. त्याला काम लवकर उरकायचं होतं. तुला उरकायचं असं कुठलं काम या मशीनवर आहे? आज खिशातला फोन याच्या हजारो पट वेगवान आहे. ६ चे ८ केल्याने नेमकं मिळणार काय?

आत्या: मिळणार काय? एक कळेल, की या बोर्डाची ताकद किती होती. बनवणाऱ्याने ६ लिहिलं म्हणजे ते त्या बोर्डाचं बळ नव्हे. तो त्याने द्यायला कबूल केलेला आकडा. सगळ्यात वाईट चिप, सगळ्यात गरम खोली, सगळ्यात कमी व्होल्टेज हे सगळं एकत्र आलं तरी चालेल, असा आकडा तो. तुझी चिप सगळ्यात वाईट असेलच असं नाही. इंटेल ८०२८६ च्या चिपा तपासून वेगवेगळ्या वेगाच्या प्रतींत विकत असे. तुझ्यावर कुठली प्रत आहे, वरचा शिक्का वाच. शिक्क्याच्या वर कुठपर्यंत जाते हे ती चालवूनच कळेल.

मी: आणि चालवताना ती जळली तर? आता कोण बनवतं ८०२८६?

आत्या: वेग वाढवला की चिप जळते हे नंतरच्या चिपांवरून डोक्यात बसलंय. सीमॉस चिपेत प्रत्येक ठोक्याला वीज खर्च होते, म्हणून वेग वाढला की उष्णता वाढते, आणि व्होल्टेजही वाढवलंस तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८०२८६ एनमॉस पद्धतीची. ती बसल्या जागीसुद्धा वीज पितच असते. त्यामुळे ती मुळातच गरम, आणि ६ चे ८ केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. बोट ठेवून बघ हवं तर. जुन्या बोर्डाचे खरे वैरी वेगळेच. आयबीएमच्या बोर्डावरचे टँटलम कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर वीज सोडली की कधीकधी फुटतात. कितीतरी क्लोनच्या बोर्डांवर निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती गळली की आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. तुझ्या एटीची बॅटरी वायरने जोडलेली आहे, म्हणून बोर्ड वाचलाय.

हे तिचं म्हणणं मला पटलं. मात्र माझी शंका उष्णतेपुरती नव्हतीच. वेळेच्या हिशोबातच माझं मन अडकलं होतं, आणि त्यावर आत्याने काही लपवून ठेवलं नाही.

मी: मेमरीचं काय? ६ मेगाहर्ट्झला एक ठोका सुमारे १६७ नॅनोसेकंदांचा. मेमरी वाचायला दोन ठोके आणि वर एक थांबा, म्हणजे ५०० नॅनोसेकंद. ८ वर तेच ३७५ आणि ९ वर ३३३. मेमरीच्या चिपांना ठाऊक थोडंच आहे की आता घाई करायची?

आत्या: ३७५ ला जमेल. आयबीएमचं स्वतःचं ८ चं मशीनही तेवढ्यातच चालायचं, तेही एका थांब्यासकट. ३३३ ला जमेल की नाही, हे मी तुला छातीठोकपणे सांगणार नाही. पण एटीच्या मेमरीत प्रत्येक बाइटला पॅरिटीचा नववा बिट आहे. एक बिट चुकला तर मशीन ‘पॅरिटी चेक’ दाखवून थांबेल, गुपचूप चुकीचं उत्तर देणार नाही. माझी खरी काळजी दुसरीकडे आहे. तुझ्या बोर्डावर ८०२८७ आहे ना, गणिताची चिप?

मी: आहे.

आत्या: तिला तेच १२ चे ठोके जातात आणि ती त्यांना तिनाने भागते. म्हणजे आता ती ४ वर चालते. १६ चा क्रिस्टल लावलास की ५.३३ वर. ती ५ मेगाहर्ट्झच्या प्रतीची असेल तर आपण तिला मर्यादेबाहेर पळवतोय. १८ वर ती ६ ला जाईल. आणि गणिताची चिप चुकली तर पॅरिटी ओरडत नाही, नुसता आकडा चुकतो.

मी: बघ, हेच तर मी म्हणते.

आत्या: थांब, अजून पुढे आहे. एटीच्या कार्डांच्या खाचा प्रोसेसरच्याच वेगाने चालतात. म्हणजे तू एकट्या प्रोसेसरचा वेग वाढवत नाहीस, हार्ड डिस्कचं कार्ड, डिस्प्लेचं कार्ड, सगळ्यांना एकत्र पळवतेस. डिस्कचं कार्ड प्लॅटरवरच्या बिटांचा वेग स्वतःच्या क्रिस्टलवर राखतं, त्यामुळे चकतीवर लिहिणं बिघडत नाही. पण प्रोसेसरकडून कार्डाकडे जातानाच एखादा बिट घसरला, तर कार्ड त्या चुकीच्या माहितीलाच नीट चूकसुधार-कोड लावून डिस्कवर ठेवेल. पुढे कधीही वाचलंस तरी डिस्क म्हणेल, ‘सगळं बरोबर आहे.’

मी: मग हे सगळं माहीत असून तू मला क्रिस्टल बदल म्हणतेस?

आत्या: हे सगळं माहीत आहे म्हणूनच म्हणते. आमच्याकडे एक कारखान्याचा हिशोबनीस यायचा. त्याच्या क्लोन मशीनमध्ये महिन्यातून एकदा बेरीज चुकायची. कुणीतरी वेगवान क्रिस्टल घालून दिला होता, आणि त्या माणसाला ते माहीतच नव्हतं. मी मूळचा क्रिस्टल बसवला, बेरीज सुधारली. ज्याच्या मशीनवर दुसऱ्याचा पगार ठरतो त्याच्या मशीनला मी कधी हात लावू दिला नसता. तुझ्या मशीनवर कुणाचा पगार आहे? कुणाचाच नाही. म्हणजे चुकू द्यायला आता मोकळीक आहे, आणि कुठे चुकतं हे पाहायलाही.

मला यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. काम करणारं यंत्र चुकू देता येत नाही, आणि संग्रहातलं यंत्र आपण काचेमागे ठेवतो. या दोन्हींच्या मधे एक जागा असते, जिथे यंत्र कुणाचं काही बिघडवत नाही आणि तरीही चालतं. तिथे त्याच्याबद्दल शिकता येतं. ही जागा मोकळी ठेवावी, याच्या बाजूने मी आता आहे. तरी माझी एक अट होती.

मी: सोल्डरिंगशिवाय वेग वाढवण्याची ही रीत पुढेही टिकली ना?

आत्या: टिकली म्हणजे काय, फोफावली. १९९० च्या दशकात मॅकिंटॉशसाठी बोर्डावर चिमट्यासारखं बसणारं उपकरण मिळायचं. क्वाड्रा ७०० मध्ये २५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५० चा ऑसिलेटर. चिमटा नव्या वेगाचे ठोके पुरवायचा. पण चिमटा निरुपद्रवी म्हणू नकोस. बोर्डावरचा ऑसिलेटर बंद होत नसेल तर दोन आउटपुट एकाच तारेवर एकमेकांशी झुंजतात. नाजूक पायांवर दाब येतो तो वेगळाच. त्यापेक्षा १९९८ चा सेलेरॉन ३००ए बघ. बस ६६ ची १०० केली की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ. बोर्ड ऐकत नसेल तर कार्टरिजच्या बी२१ या पिनवर चिकटपट्टीचा तुकडा, आणि बोर्ड समजतो की १०० चाच प्रोसेसर आलाय. शिवाय बीएक्स चिपसेटमध्ये १०० च्या बसला तिनाने भागून पीसीआयची बस ३३ वरच राहायची. एटीसारखं सगळ्यांना पळवावं लागत नसे, म्हणून ते इतकं बिनधोक चालायचं. आणि २००० मध्ये एएमडीच्या थंडरबर्ड अॅथलॉनवरचे एल१ नावाचे तुटके पूल लोक शिसपेन्सिलीने जोडायचे! ग्राफाइटमधून वीज जाते, की गुणकाचं कुलूप उघडलं. नको झालं तर अल्कोहोलने पुसायचं.

मी: पुसलं की खूणही गेली. माझी अट तीच आहे. तू क्रिस्टल बदल, पण लिहून ठेव. काय काढलं, काय लावलं, कधी, कुणी, कोणत्या चाचणीत काय निघालं. काढलेला १२ चा क्रिस्टल अँटीस्टॅटिक पिशवीत घालून मशीनच्याच पेटीत राहील, माझ्या कपाटात नाही. कागद झाकणाच्या आतल्या बाजूला, शाई न फिटणारी.

आत्या: कबूल. आणि माझ्या अटी ऐक. आधी हातात अर्थिंगचा पट्टा. पॉवर केबल काढून ठेवायची. हार्ड डिस्कच्या दोन्ही पट्ट्या सोडवायच्या, १.२ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरूनच सुरू करायचं. पहिल्या फेरीत ८०२८७ सॉकेटमधून बाहेर. तिचा स्विच बोर्डावर नाही, सेटअपमध्ये बदलायचा आहे, ते विसरू नकोस. मग मेमरीची चाचणी रात्रभर. ती स्वच्छ निघाली तर ८०२८७ परत लावून गणिताची चाचणी, आणि उत्तरं ६ वर काढलेल्या उत्तरांशी ताडून पाहायची. डिस्क शेवटी, आणि तीही आधी कॉपी काढल्यावर.

मी: आणि क्रिस्टल कुठला घेशील?

आत्या: मूलभूत लहरीचा, समांतर अनुनादाचा. जास्त मेगाहर्ट्झचे काही क्रिस्टल तिसऱ्या स्वरावर चालण्यासाठी कापलेले असतात. ते या सर्किटमध्ये लावलेस तर छापील आकड्याच्या एक तृतीयांशावरच घुटमळतील. आणि पायांची जाडी सॉकेटच्या मापाची बघ. जाड पाय घुसवलेस तर सॉकेट सैल होतं, आणि मग तुझा १२ चा परत नीट बसणार नाही. सोल्डरिंगशिवायच्या कामात सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

मी: ८ पर्यंत ठीक. कारण आयबीएमने स्वतः ८ चं मशीन केलं आणि त्याच घराण्याचा बोर्ड तेवढ्यावर चालतो हे दाखवून दिलं. ९ ला मात्र माझी परवानगी नाही.

आत्या: आणि मी १८ चाही मागवून ठेवलाय, त्याचं काय करू?

मी: परत कर.

आत्या: परत कशाला? तो तैवानी बोर्ड पडलाय ना तुझ्याकडे, एटीची हुबेहूब नक्कल, ८२२८४ आणि सॉकेटसकट? त्यावर कुणाचा इतिहास आहे?

मी: त्यावर कुणाचाही नाही. पण लिहून मात्र त्याच्यावरही ठेवायचं.

आत्या: पेन आण.